तहानेचा पुरावा
(शरीरक्रियाशास्त्र परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



शिरस्त्याप्रमाणे अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, म्हणून थोडक्यात घेतो.

तांबड्या पेशींच्या पटलातून पाणी ज्या वेगाने जाते आणि पाऱ्याच्या क्षारांनी तो वेग जसा मंदावतो, त्याचा उलगडा केवळ मेदातून झिरपण्याच्या कल्पनेने होत नव्हता. रुमानियाच्या बेंगा यांनी १९८६ साली पाऱ्याच्याच साहाय्याने काही प्रथिनांकडे बोट दाखविले. पुढे बाल्टिमोरचे पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाच्या प्रथिनाचा शोध घेत असता त्यांच्या हाती भलतेच प्रथिन, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, लागले, आणि १९९२ साली त्याचा आरएनए घातलेली बेडकाची अंडपेशी विरल द्रवात सोडताच फुगून काही मिनिटांत फुटली. शेजारची साधी अंडपेशी मात्र शाबूत राहिली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अ‍ॅग्रे यांना या शोधासाठी विभागून मिळाले. त्या अ‍ॅक्वापोरिनच्या मार्गिकेतून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू एका रांगेने जातात, प्रोटॉनला मात्र तेथे मज्जाव आहे.

आढावा येथेच थांबवितो, कारण अनेक वर्षे मनात असलेली तक्रार आज मला मांडावयाची आहे.

विद्यार्थ्याला आधी रेणू शिकवावा की आधी रोगी दाखवावा, यावर सकाळी बराच वाद झाला. माझ्या मते त्याचा निकाल एका रुग्णालयातील खाटेपाशीच लागला होता. मनोविकारासाठी दीर्घकाळ लिथियम घेणारी एक प्रौढ शिक्षिका सारखे पाणी पिते, हे मनाचेच लक्षण आहे असे ठरवून तिचे पाणी तोडण्याचा हुकूम निघाला होता; तिची लघवी मोजण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती. वऱ्हांड्यातल्या हात धुण्याच्या नळाला तोंड लावताना तिला दोनदा ओढून आणले होते. मी पाहिली तेव्हा ती ग्लानीत होती, जीभ टाळूला चिकटली होती, रक्तातील सोडियम चढले होते, आणि खाटेखालचे भांडे पाण्यासारख्या निर्वर्ण लघवीने भरले होते. व्हासोप्रेसिन या संप्रेरकाची सुई देऊनही लघवी दाट झाली नाही.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि आपण टाकतो तो दीड-दोन लिटर. अखेरच्या हिशेबाचे काम संग्राहक नलिकांचे. व्हासोप्रेसिनचा सांगावा येताच पेशीतील पुटिकांमध्ये राखून ठेवलेली अ‍ॅक्वापोरिन-२ ही प्रथिने पटलावर येऊन बसतात व पाणी परत घेतात. सांगावा थांबला की ती पुन्हा आत ओढली जातात. लिथियमने नलिकेतील ही प्रथिनेच घटतात. सांगावा पोहोचत होता, पण त्या बाईंच्या पेशींपाशी दारे उरली नव्हती. मग ती तहान मनाची कशी? आम्ही पाणी मोकळे केले, मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीने औषधयोजना बदलली, अ‍ॅमिलोराइड दिले, आणि बाई चार दिवसांत स्वतःच्या हाताने रोजनिशी लिहू लागल्या.

म्हणून माझे म्हणणे कठोर वाटले तरी मी ते मागे घेणार नाही : लघवीचे चोवीस तासांचे मोजमाप आणि सोडियमचा आकडा हाती असल्यावाचून तहानलेल्या रोग्याचे पाणी तोडण्याचा अधिकार कोणालाही नसावा. अभ्यासक्रमात याची तरतूद कशी करावी, त्याचा तपशील समितीने ठरवावा. मी मसुदा देईन. मोजमापाचा हा बोजा परिचारिकांवर पडेल असे ज्यांना वाटते, त्यांनी उद्याच्या सत्रात उघडपणे उभे राहून तसे म्हणावे. मी पहिल्याच रांगेत बसलेला असेन.