एकलव्याच्या हाती संगणक

(ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रमांची घडण या विषयावर मुंबईच्या उपनगरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील दिवसपाळी संपवून सायंकाळच्या गाडीने बोरिवलीकडे निघालेला एक तरुण क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. डब्यात जेमतेम उभे राहण्यापुरती जागा, एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात मोबाईल. त्या मोबाईलवर गाणी नाहीत, क्रिकेटचा सामना नाही. पदवीच्या एका विषयाचे व्याख्यान सुरू आहे. घरी एकाच खोलीत पाच माणसे, दूरदर्शन संच आणि स्वयंपाक. तेथे अभ्यासाला जागा नाही. लोकलचा डबा हाच त्याचा वर्ग. असे तरुण आणि तरुणी मुलुंडमध्ये आहेत, घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत आहेत, भांडुपमध्येही आहेत. त्यांना पदवी हवी आहे. पण महाविद्यालयाच्या वेळेत महाविद्यालयात जाणे त्यांच्या प्रपंचाला परवडणारे नाही.

आजच्या विषयाचा मूळ प्रश्न या तरुणाशी निगडित आहे. त्याच्या हातातील इवल्याशा पडद्यावर खरोखर विद्यापीठ येते, की केवळ विद्यापीठाचे चित्र येते?

साधने बदलली, अपेक्षा तीच

ही गरज काल-परवा निर्माण झालेली नाही. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच पत्रद्वारा शिक्षणाची सोय केली. टपालाने टिपणे येत, विद्यार्थी ती वाचून परीक्षेला बसत. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. सप्टेंबर २००४ मध्ये भारताने केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात सोडला. त्याच सुमारास, २००३ पासून, सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटेल' हा उपक्रम हाती घेतला आणि नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. पुढे ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले.

टपाल, दूरदर्शन, उपग्रह, इंटरनेट अशी साधने बदलत गेली. जो वर्गात येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत वर्ग नेण्याची अपेक्षा मात्र कायम राहिली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर समाजाला वाटले, की आता प्रश्न सुटला. तो सुटला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि काही दिवसांत सारी महाविद्यालये पडद्यावर गेली. ज्यांनी आयुष्यभर फळ्यावर शिकवले, त्या प्राध्यापकांनी मोठ्या जिद्दीने नवी साधने आत्मसात केली. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी घडले ते एवढेच, की वर्गातील तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे मोबाईलवर आले. पलीकडे विद्यार्थी आहे की नुसते त्याचे नाव आहे, हे शिक्षकाला कळेना. आणि शिक्षक आपल्याशी बोलत आहेत, असे विद्यार्थ्याला वाटेना.

ही केवळ आपल्याकडची कहाणी नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, असे तिच्यात आढळले. जगातील श्रेष्ठ प्राध्यापक आणि उत्तमातील उत्तम यंत्रणा असूनही ही स्थिती! याचा अर्थ ऑनलाइन शिक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. व्याख्यान पोहोचवणे आणि शिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पवईचे तीन धडे

मग शिकवणे कसे घडते? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड या तिन्ही उपनगरांतून थोड्या वेळात जेथे पोहोचता येते, त्या पवईच्या तलावाकाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीत या प्रश्नावर अनेक वर्षे शांतपणे काम झाले आहे.

पहिला धडा 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचा. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. लिनक्स, पायथन, सायलॅब, लिबर ऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि त्याच वेळी सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. वरवर पाहता गोष्ट साधी; पण तिची घडण पाहण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येक पाठाची संहिता लिहिली जाते. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचे ते. संहिता तयार झाली की ती विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाच्या हाती दिली जाते. तो जेथे अडखळेल, तेथे चूक त्याची नव्हे, पाठाची मानली जाते आणि संहिता दुरुस्त होते. ग्रंथ लिहिणाऱ्या किती विद्वानांनी आपले लेखन छापण्यापूर्वी नवशिक्याला दाखवले असेल?

पाठ छोटा असण्यालाही कारण आहे. सॉफ्टवेअर बदलले तर तेवढाच भाग नव्याने करता येतो, मंद इंटरनेटवरही तो उतरवून घेता येतो आणि एकदा संगणकावर साठवला की इंटरनेटवाचूनही चालतो. विद्यार्थ्याने काय करायचे, हेही ठरलेले आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि पाठ थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचे. शंका आली तर ती पाठातील कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आली ते नोंदवून विचारायची. तज्ज्ञ अध्यापक जवळ नसतानाही शिकता यावे, या हेतूने केलेली ही रचना आहे.

दुसरा धडा त्याच संस्थेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाचा. प्रा. श्रीधर अय्यर, प्रा. साहना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचा एक आराखडा तयार केला. त्यात चार अंगे आहेत. पहिले, संवादरूप ध्वनिचित्रफीत: काही मिनिटांनी ती थांबते, विद्यार्थ्यासमोर प्रश्न ठेवते आणि त्याने उत्तर लिहिल्यावरच पुढे चला असे सांगते. दुसरे, करून शिकण्याचे स्वाध्याय. त्यांत उत्तर चुकले तर का चुकले, हे तत्काळ सांगितले जाते. तिसरे, ज्याला अधिक खोलात जायचे आहे किंवा ज्याचा पाया कच्चा आहे, त्याच्यासाठी वेगवेगळे पूरक साहित्य. चौथे, विद्यार्थ्यांची परस्परांशी सूत्रबद्ध चर्चा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने लाखो नोंदी तपासून दाखवले, की सहा मिनिटांहून लांब चित्रफितीत विद्यार्थ्यांचे मन फारसे रमत नाही. तासभर बोलणाऱ्या प्राध्यापकाला हे रुचणार नाही, परंतु विद्यार्थ्याच्या हिताचे आहे.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी दहा हजार शिक्षकांशी संवाद साधण्याचा उपक्रम झाला. पवईहून तज्ज्ञ थेट व्याख्यान देत आणि देशभरातील शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या केंद्रांत शिक्षक ते ऐकत, प्रश्न विचारीत. व्याख्यानानंतरचे प्रात्यक्षिक मात्र त्या त्या केंद्रावर, समोर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली होई. त्यासाठी केंद्रांच्या समन्वयकांना पवईत बोलावून आधी प्रशिक्षण दिले जाई. ज्ञान दुरून आले तरी हात धरणारे माणूस जवळ हवे, हा विवेक या रचनेत होता.

नेमका घ्यावा, नेमका करून पाहावा आणि कोणीतरी जवळ असावे, असे हे तीन धडे. यंत्र त्यानंतर येते. मूडल, ओपन एडेक्स यांसारखी मुक्त साधने कोणत्याही महाविद्यालयाला परवाना शुल्क न देता घेता येतात आणि आपल्या गरजेनुसार बदलता येतात. पवईच्या आयआयटीने स्वतःचे व्यासपीठ ओपन एडेक्सच्याच पायावर उभारले. महागडी यंत्रणा विकत घेऊन तिच्यासाठी अभ्यासक्रम शोधणे हा उलटा प्रवास होय.

मातृभाषेचा स्वर

आता एक अवघड मुद्दा. उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रमांपैकी बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून बारावी झालेला बोरिवलीचा विद्यार्थी किंवा जिल्ह्याच्या गावाहून मुंबईत आलेली मुलगी पडद्यासमोर बसते, तेव्हा तिला दोन ओझी एकदम वाहावी लागतात: विषयाचे आणि भाषेचे. वर्गात ती शेजारणीला हळूच विचारू शकते. पडद्यासमोर शेजारीण नसते. ती अभ्यासक्रम सोडून देते आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देते. हा अन्याय आहे.

यावर काही पालक विचारतात, मराठीत शिकून नोकरी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. स्पोकन ट्युटोरियलने त्याचे व्यवहारी उत्तर दिले आहे. तेथे पाठाचा केवळ आवाज मराठीसह अन्य भारतीय भाषांत बदलला जातो. पडद्यावरील सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते. विद्यार्थ्याला समजते मराठीतून आणि तो काम करायला शिकतो तो जगभर वापरल्या जाणाऱ्या त्याच आज्ञावलीवर. आकलन मातृभाषेतून आणि व्यवहार जगाशी, अशी ही सांगड आहे.

शासनाच्या धोरणातही या दिशेने पावले पडली. जुलै २०२० मधील राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली आणि पुण्यातील पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. पवईतील प्रा. गणेश रामकृष्णन यांच्या 'उडान' प्रकल्पाने अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके संगणकाच्या साहाय्याने भारतीय भाषांत आणण्याचे काम हाती घेतले. यात पहिले भाषांतर यंत्र करते आणि माणूस ते तपासतो, सुधारतो. यंत्र वेळ वाचवते. अर्थाची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते. शब्दकोशातून उपटून आणलेल्या, कोणीच न बोलणाऱ्या शब्दांची मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीइतकीच परकी वाटते, याचेही भान मराठीप्रेमींनी ठेवावे.

गुरूने स्वीकारावे

महाभारतातील एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रा. फाटक यांनी आपल्या एका उपक्रमाला 'एकलव्य' हेच नाव दिले होते. मातीच्या मूर्तीसमोर बसून तो धनुर्विद्या शिकला. आजचा विद्यार्थी पडद्यावरील प्रतिमेसमोर बसून शिकतो. साम्य येथेच संपावे, अशी इच्छा आहे. कारण एकलव्याचे दुःख शिकता न येण्याचे नव्हते. तो शिकला आणि निष्णात झाला, तरी गुरुकुलाने त्याला आपले म्हटले नाही. उलट त्याचा अंगठा मागून घेतला.

ऑनलाइन शिकलेल्याला विद्यापीठाने आपले म्हणणे, याला आजच्या भाषेत श्रेयांक देणे म्हणतात. २०१६ च्या नियमांनुसार विद्यापीठांना 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम एकूण अभ्यासक्रमांच्या २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची मुभा मिळाली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढली. एनपीटेलची प्रमाणपत्र परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते, त्यामुळे प्रमाणपत्राला वजन आहे. परंतु नियम असणे आणि तो विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाला एक प्रश्न विचारावा: या वर्षी 'स्वयम्'चे कोणते अभ्यासक्रम श्रेयांकासाठी मान्य आहेत? हा प्रश्न शंभर पालकांनी विचारला, तर उत्तर तयार ठेवावेच लागेल.

समाजाचा वाटा

सर्व काही शासनाने आणि विद्यापीठानेच करावे, असे म्हणणे सोपे आहे. पण पवईचा तिसरा धडा समाजाला उद्देशून आहे. 'जवळचे माणूस' विद्यापीठ पुरवू शकत नाही. ते वस्तीतच असावे लागते. मुंबईच्या उपनगरांत मंडळांच्या अभ्यासिका आहेत, ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव मंडळांची कार्यालये वर्षातील बराच काळ बंद असतात. एखाद्या अभ्यासिकेत चार संगणक, बरे इंटरनेट आणि आठवड्यातून दोन सायंकाळी बसणारा एक निवृत्त अध्यापक किंवा अभियंता, एवढ्याने एक अध्ययन केंद्र उभे राहते. त्या अध्यापकाला प्रत्येक विषय यावा, अशी अट नाही. या आठवड्याचा पाठ झाला का, कोठे अडले, परीक्षेचा अर्ज भरला का, हे आपुलकीने विचारले तरी पुष्कळ. अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्या शंभरांतील किती जण केवळ कोणी विचारले नाही म्हणून थांबतात, याचा विचार व्हावा.

ज्यांचे उच्चार स्पष्ट आहेत आणि मराठी घरगुती आहे, त्यांनी पाठांच्या ध्वनिमुद्रणाला आवाज द्यावा. गृहिणी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, महाविद्यालयातील तरुण यांपैकी कोणीही हे करू शकतो. विषय कळत नसेल तर त्यांनी नवखा वाचक म्हणून संहिता वाचावी आणि जेथे समजले नाही तेथे खूण करावी. अज्ञानसुद्धा समाजाच्या कामी यावे, अशी ही दुर्मीळ संधी आहे!

सायंकाळच्या गाडीत कडी धरून उभा असलेला तो तरुण बोरिवलीला उतरेल, गर्दीतून वाट काढत घराकडे निघेल. त्याच्या खिशात विद्यापीठ आहे. वाटेत उजेड असलेली एक अभ्यासिका लागावी आणि तिच्या दारात त्याची वाट पाहणारे कोणी असावे, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे.