पोटाचे पहारेकरी आणि रोजाचा दिवस

(बहारीन येथे किप्पूरच्या रोजापूर्वी झालेल्या भाषणाची ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली संहिता)

 

किप्पूर जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "सिस्टर, रोजा धरण्यापूर्वी दुखण्याची एक गोळी घेऊन ठेवली तर चालेल का?" कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची कंबर धरते, तर कोणाला चहावाचून दुपारी डोके दुखेल अशी धास्ती असते. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर द्यायचे तर आपल्या जठरात काय घडते ते आधी जाणून घ्यावे लागेल.

आपले जठर दररोज सुमारे दोन लिटर पाचकरस निर्माण करते. त्यातील आम्ल इतके तीव्र असते की आपण खाल्लेले मांस त्यात विरघळून जाते. मग मांसपेशींचेच बनलेले जठर स्वतःला का पचवीत नाही? याचे कारण असे की त्याच्या आतील अस्तरावर सतत पहारा असतो. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर पसरलेला असतो. त्या थरात आम्लाला निष्प्रभ करणारा क्षार मिसळलेला असतो. अस्तराच्या पेशी झिजतात आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जागी नव्या येतात. या सर्व कामाला रसद पुरवते ते रक्त.

या पहाऱ्याला हुकूम देण्याचे काम संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोन, करतात. 'हॉर्मोन' हा शब्दच पोटाच्या अभ्यासातून पुढे आला. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जठरातील आम्ल आतड्यात उतरताच आतड्याचे अस्तर एक द्रव्य रक्तात सोडते, आणि त्या निरोपावरून स्वादुपिंड क्षारयुक्त रस पाठवते. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द योजला. गॅस्ट्रिन आम्ल वाढवते, पण अस्तराची वाढही करवते. सोमॅटोस्टॅटिन आम्लाला लगाम घालते. संकटसमयी मूत्रपिंडावरील ग्रंथींतून येणारे कॉर्टिसोल रक्तातील साखर आणि जठराचा रक्तप्रवाह सांभाळून अस्तराला आधार देते.

परंतु आजच्या प्रश्नाशी ज्यांचा थेट संबंध आहे ती आहेत प्रोस्टाग्लँडिन. ही रक्तातून दूरवर जाणारी संप्रेरके नव्हेत. ज्या जागी गरज, त्याच जागी ती तयार होतात आणि तेथेच काम करून विरून जातात. म्हणून त्यांना स्थानिक संप्रेरके म्हणतात. जठरात ती श्लेष्म वाढवतात, क्षार वाढवतात, रक्तप्रवाह टिकवतात आणि आम्ल कमी करतात. पहाऱ्याचे जवळजवळ प्रत्येक काम त्यांच्या हुकमाने चालते.

हीच द्रव्ये सुजलेल्या गुडघ्यातही तयार होतात आणि तेथे ती वेदना वाढवतात. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मितीच थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली सिद्ध केले. प्रोस्टाग्लँडिनवरील संशोधनासाठी त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासमवेत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सारी याच कुळातील औषधे. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही. ती गुडघ्याची वेदना थांबवते आणि त्याच वेळी जठराचे पहारेकरीही काढून घेते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, "मी गोळी जेवणावर घेतो, म्हणून मला भीती नाही." जेवणामुळे जळजळ कमी वाटेल, परंतु औषध रक्तात मिसळल्यावर प्रोस्टाग्लँडिन कमी व्हायची ती होतातच. दुसरा, "मी इंजेक्शन घेतले, पोटात काही गेलेच नाही." तेही रक्तावाटेच जठरापर्यंत पोहोचते. वर लेप असलेल्या गोळीचीही तीच गत. दुखऱ्या जागी चोळायचे मलम मात्र रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून ते पोटाला पुष्कळच सौम्य.

बहारीनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील उन्हाची तीव्रता अशी की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करण्यास सरकारनेच बंदी केली आहे. घामावाटे अंगातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडांना रक्त पुरते मिळावे म्हणून तेथेही प्रोस्टाग्लँडिनच धावून येतात. अशा वेळी पाण्यावाचून वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे जठर आणि मूत्रपिंड दोहोंचा आधार काढून घेणे होय. आपले मुसलमान शेजारी रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा इफ्तार आणि सहूरवर नेतात. आपण उपासाला रोजाच म्हणतो. त्यांची ही दक्षताही आपण घ्यावी. आपला किप्पूरचा रोजा तर सुमारे २५ तासांचा, आणि तोही पाण्यावाचून.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: रोजाच्या तोंडावर या कुळातील गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. चहामुळे डोके धरत असेल तर आठवडाभर आधीपासून चहा थोडा थोडा कमी करावा. वेदनेवर काही हवेच असेल तर पॅरासिटामॉल जठराला बरेच सौम्य आहे. मात्र यकृताचा विकार असणाऱ्यांनी तेही विचारूनच घ्यावे. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते आपल्या मर्जीने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पूर्वी अल्सर झालेला असेल, वय साठीपुढे असेल, किंवा सोबत स्टेरॉइड अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो. अशांना डॉक्टर आम्ल कमी करणारे औषध जोडून देतात.

आणि एक खूण प्रत्येक घरात ठाऊक असावी. वेदनाशामक गोळीने झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, कारण दुखणे तीच गोळी दाबून ठेवते. डांबरासारखे काळे, चिकट शौच होणे, कॉफीच्या गाळासारखी उलटी होणे, उठताना भोवळ येणे ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे आहेत. त्या क्षणी रोजा संपण्याची वाट पाहू नये. 'पिकुआह नेफेश', म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, हे किप्पूरच्या रोजाहूनही मोठे, अशीच आपल्या धर्माची शिकवण आहे. आजारी मनुष्याने औषधासाठी घोटभर पाणी घेतले तर त्याचा रोजा उणा ठरत नाही. आपल्याविषयी शंका असेल त्यांनी हजानसाहेबांना आणि डॉक्टरांना दोघांनाही आधीच विचारून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी मन प्रार्थनेतच राहील.

घरी गेल्यावर औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. आपण रोज कोणती गोळी घेतो, तिचे नाव काय आणि ती कोणत्या कुळातली, हे वाचा. न समजल्यास फार्मसीत विचारा. म्हाताऱ्या आईवडिलांचा डबा मुलांनी पाहावा.

सर्वांचा रोजा सुखरूप पार पडो. ग्मार हातिमा तोवा.