वर्गमित्राचा धर्म

मुलांनी सगळ्या धर्मांचा आदर करावा, याबद्दल सहसा दुमत नसतं. अडतं ते कसं शिकवायचं यापाशी. स्नेहसंमेलनात चार मुलांना चार पोशाख चढवायचे, हातात हात देऊन उभं करायचं, की आपलं काम झालं असं शाळांना वाटतं. पण त्याच वर्गातला एखादा मुलगा रमजानमध्ये मधल्या सुट्टीत डबा न खाता बसून राहतो, एखादी जैन मुलगी मैत्रिणीच्या डब्यातली बटाट्याची भाजी घेत नाही. इतरांना यातलं काहीच ठाऊक नसेल, तर चिडवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून आदराच्या आधी ओळख हवी, आणि ती करून देणं हे शाळेचं रोजचं काम आहे.

या ओळखीसाठी वेगळा विषय काढायची गरज नाही, मराठीचा तास पुरे आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओवीत. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतपरंपरेतले कवी. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी आपल्या धर्मकथा कीर्तनातून मराठीत सांगितल्या. हे ज्या मुलाला माहीत आहे, त्याला शेजारच्या बाकावरचा 'वेगळा' मुलगा परका वाटणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो, की धर्म घरात ठेवावा, शाळेत आणू नये. संविधानाचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण द्यायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. पण धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. हा फरक सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली मान्य केला. शिवाय धर्म डब्यातून, रजेच्या चिठ्ठीतून वर्गात आलेलाच असतो. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेप्रमाणे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहण्यातला आदर शाळेने ओळखला असता, तर हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नसतं.

दुसरी भीती पालकांची, की दुसऱ्याच्या धर्माबद्दल शिकवलं तर आपल्या मुलाची श्रद्धा डळमळेल. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली निघालेल्या पुस्तकात याच्या कितीतरी पुढचं मांडलं: एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी झाला तरी सगळ्यांनी गोडीगुलाबीने राहावं. आपल्याला तर एवढंच करायचंय, की चाळीस मुलांना एका वर्गात सुखाने बसता यावं. समाज अजून तयार नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या कर्वेनगरकडे, म्हणजे जुन्या हिंगण्याकडे पाहावं. १९०० साली महर्षी अण्णा कर्व्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हा विधवांनी शिकावं याला तरी कुठे समाज तयार होता? त्या आश्रमातही सुरुवातीला प्रामुख्याने उच्चवर्णीय स्त्रियाच होत्या. ही मर्यादा अण्णांना पुढे पुरती टोचली, आणि ऐंशी उलटल्यावर, १९४४ साली, त्यांनी माणसामाणसांत समता यावी म्हणून समता संघ काढला.

शाळांना करता येण्याजोगं बरंच आहे. चाचणीचं वेळापत्रक लावताना ईद, पर्युषण, नाताळ, बुद्धपौर्णिमा पाहून घ्यावी. 'तुमच्यात असं का करतात?' असं भर वर्गात एकट्या मुलाला विचारू नये. नऊ वर्षांचं पोर काही आपल्या धर्माचा वकील नसतं. शिक्षकाने 'हे मानणारे लोक असं मानतात' एवढं सांगावं, खरं-खोटं, उच्च-नीच ठरवू नये. आणि धर्मावरून कुणी कुणाला चिडवलं, तर ते 'पोरांचं भांडण' म्हणून सोडून देऊ नये. एवढी शिस्त पाळली, तर स्नेहसंमेलनातल्या त्या चार पोशाखांनाही काही अर्थ येईल.