महायुद्ध, गिरणीचा भोंगा आणि शिराळ्याचे घर
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात मुंबईकर आणि गावकर अशा दोन बैठका आपोआप पडतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. एक म्हणतो, ‘तुम्ही गाव सोडले’. दुसरा म्हणतो, ‘आमच्या मनिऑर्डरीवर तुमचे घर चालले.’ या तंट्याचे मूळ बव्हंशी दुसऱ्या महायुद्धात आहे.

शिराळ्याहून मुंबईची वाट त्यापूर्वीही मळलेली होती. वारणाकाठची जमीन थोडी, डोंगरउताराची मुरमाड फार. चार भावांत वाटणी झाली की बैलजोडी पोसण्याइतकेही शेत उरत नसे. मात्र १९३९ साली युद्ध पेटले आणि लष्कराला कापड हवे झाले. परदेशी माल येईना, गिरण्यांत रात्रपाळ्या लागल्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यास आणि मुंबईच्या गोदीसही माणसे हवी होती. इकडे गावात रॉकेल, साखर, कापड दुर्मीळ. धान्याचे भाव चढले खरे, परंतु आषाढात ज्याची कणगी रिकामी होई त्यास तेच भाव गावाबाहेर ढकलीत. रोख पैसा गिरणीत होता. तोही सुखासुखी मिळाला नाही. महागाईभत्त्यासाठी मार्च १९४० मध्ये गिरणी कामगारांना मोठा संप करावा लागला.

शिराळ्यास रेल्वे नाही. पायी, गाडीने अथवा मोटारीने कऱ्हाड गाठावे, तेथून पुण्यावरून मुंबई. परळ-लालबागेत गावकऱ्यांच्या एका खोलीत दहा-वीस जण राहत. एक पाळी कामावर गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी पाठ टेकी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. या बाईंनी किती जणांची उधारी पोटात घातली, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नागपंचमीला रजा मिळाली तर गावाचे दर्शन.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. गावी बातमी आधी पोहोचे, खुशालीचे पत्र मागाहून. मधले दिवस घरच्या बाईने कसे काढले असतील! एरवीही पेरणीच्या वेळी औतासाठी भाऊबंदांचे उंबरे तिनेच झिजवावेत, सासूसासऱ्यांचे दुखणे तिनेच पाहावे, मनिऑर्डर लांबली तर दुकानदाराचे बोलणेही तिनेच ऐकावे.

युद्ध १९४५ साली संपले. गेलेले बहुतेक परतले नाहीत. मुंबई व उपनगरे मिळून १९४१ साली सुमारे १८ लाखांची वस्ती होती, ती १९५१ साली ३० लाखांच्या घरात गेली. त्यात फाळणीचे निर्वासितही आले, हे खरे. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कित्येकांना पुन्हा गावच आठवले. तेव्हा शाकारलेले छप्पर आणि पेटती चूल त्यांना मिळाली, ती कोणी राखली होती? आज त्याच घराच्या वाट्यावरून नातवंडे कचेरीच्या पायऱ्या चढत आहेत. पैसा कोणाचा लागला हे दोन्ही पक्ष सांगतात. राबले कोण, हे अर्जात कोठेच येत नाही.

आपल्या संस्थेच्या वहीतही मुंबईस गेलेल्या पुरुषांचीच नावे आहेत. हा दोष आमचाच. यंदा प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढविला आहे: मागे घर कोणी सांभाळले? ज्यांच्या घरी अजून सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी त्यांना विचारून नाव लिहावे. वही मंडपाच्या दाराशी ठेवली आहे.