शिष्यवृत्तीबरोबर माणूसही हवा



बुद्धिदात्या गणरायासमोर आज मंडळाच्या शिक्षण समितीच्या वतीने आम्ही एक प्रश्न मांडत आहोत. गरीब घरातले मूल शाळेत टिकते आणि आयुष्यात पुढे जाते, ते कशामुळे?

याचे उत्तर शोधायला बडोदेकरांनी लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. शाळेचे दार उघडले. पण आत आलेल्या एकेका मुलाकडे कोणीतरी लक्ष द्यावे लागते.

बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला. ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे पैशांअभावी शिक्षण अडले, तेव्हा केळुसकरांनीच महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा महाराजांचा होता, पण तो योग्य वेळी योग्य मुलापर्यंत पोचला तो एका शिक्षकामुळे.

याच कथेचा दुसरा भागही आपल्याच शहरातला आहे. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ते इथे आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला घर मिळाले नाही. संस्थानने शिकवले, शहराने थारा दिला नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याची साक्ष आहे. शाळा मुलाला घडवते, पण त्याला सामावून घेण्याचे काम समाजाचे असते.

अमेरिकेत बॉस्टनच्या शाळांत ‘सिटी कनेक्ट्स’ नावाचा उपक्रम २००१ पासून चालतो. शाळेतला समन्वयक वर्गशिक्षकाबरोबर बसून प्रत्येक मुलाचा अभ्यास, वागणूक, आरोग्य आणि घरची स्थिती पाहतो, त्याचे गुणही टिपतो आणि त्याप्रमाणे मदत जुळवून देतो. प्राथमिक शाळेत अशी मदत मिळालेल्या मुलांचे पुढे हायस्कूल सोडण्याचे प्रमाण कमी आढळले.

आपल्याकडे कायद्याने मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. गळती खरी जाणवते ती त्यानंतर. वह्यावाटप आणि गुणगौरव चालूच राहू द्या. त्याच्या जोडीला आमची विनंती अशी : एका सभासदाने एका मुलाची किंवा मुलीची सोबत करावी, आठवी ते बारावी, पाच वर्षे. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना भेटावे. एखाद्याला चष्मा हवा असतो, एखादीला जातीचा दाखला, कोणाला गणितासाठी तासभर, कोणाला अभ्यासाला शांत जागा. सगळ्यांना एकच वस्तू देऊन हे भागत नाही.

एक पथ्य मात्र पाळू. मुलाची अडचण त्याच्या घरच्यांत, शिक्षकांत आणि आपल्यात राहील. व्यासपीठावर बोलावून मदतीचा फोटो काढायचा नाही.

आरतीनंतर नावनोंदणीची वही मंडपातच ठेवली आहे. पाच वर्षे देता येतील त्यांनीच नाव लिहावे. दहा नावे आली तरी पुरे, पण ती टिकावीत.

गणपती बाप्पा मोरया!