कमरेतून पायात उतरणारी कळ

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात वाटूर येथे दुपारच्या सत्रात एका डॉक्टर वारकऱ्याने केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता ‘वारकऱ्याचे आरोग्य’. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात सांगायला गेलो तर तुमच्या पदरात काहीच पडायचं नाही. म्हणून मी एकच दुखणं घेतो. ज्यांना कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत, पावलात उतरणारी कळ कधी ना कधी आली आहे, त्यांनी हात वर करा. बघा. निम्मा मंडप झाला. पखवाजवाले तर सगळेच.

या दुखण्याला आपल्याकडं नावं पुष्कळ. जुनी माणसं रांझणवात म्हणायची. डॉक्टर सायटिका म्हणतात. गावात कुणी ‘नस दबली’ म्हणतं, कुणी ‘मणक्यात गॅप पडला’. आयुर्वेदात नाव आहे गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. चरकसंहितेत वाताच्या रोगांत याचं वर्णन आहे आणि त्यात कळेची वाटसुद्धा सांगितली आहे, कुल्ला, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. एमआरआय नव्हतं, एक्स-रे नव्हता, तरी नुसत्या बघण्यावरून आणि विचारण्यावरून ही वाट त्यांनी ओळखली. हे विचारणं लक्षात ठेवा, त्याच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

आता आत नेमकं काय होतं ते बघू. कमरेच्या खालच्या मणक्यांमधून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून पाच मुळं बाहेर येतात. ती एकत्र होऊन एक मोठी नस बनते. अंगात हिच्याइतकी जाड नस दुसरी नाही, जवळजवळ अंगठ्याएवढी. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत येते, तिथं फाटे फुटतात आणि ते पावलाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून दुखणं कमरेत असलं तरी बोंब पाय मारतो. मोटारीजवळ वायर दबावी आणि शेताच्या टोकाचा दिवा लुकलुकावा, तसं.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. पुरणपोळी डोळ्यासमोर आणा. बाहेर चिवट कड, आत मऊ पुरण. वाकून वजन उचललं, तेही कंबर पिळून, की कधीतरी कड फाटते आणि पुरण बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतं. नुसतं दाबतं असंही नाही, त्या पुरणातल्या द्रव्यांनी मूळ सुजतं, चिडतं. म्हणून शिंकलं, खोकलं, शौचाला जोर केला की पायात करंट गेल्यावानी होतं. गादी फाटून नस दबते आणि पाय दुखतो, ही गोष्ट अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी 1934 साली नीट मांडली. म्हणजे आपली दिंडी निघायला लागली तेव्हा जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे धड ठाऊक नव्हतं.

‘गॅप पडला’ हा शब्द मात्र मनातून काढून टाका. फिल्मवर डॉक्टर जे दाखवतात त्यात गॅप वाढलेला नसतो. गादी दबून जागा उलट कमी झालेली असते. आणि ते वयाबरोबर होतंच, केस पिकावेत तसं. ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे फोटो काढून तपासलेलं आहे. विशीतल्या शंभरात तिसांची आणि ऐंशीतल्या शंभरात चौऱ्याऐंशी जणांची गादी फुगलेली दिसली. त्यांना त्रास काहीच नव्हता. म्हणून कागदावर ‘बल्ज’ लिहून आलं की घरात रडारड करू नका. उपचार माणसाचा करायचा असतो, फोटोचा नाही.

आणि आनंदाची गोष्ट ही, की बाहेर आलेलं ते पुरण शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची कळ दीड ते तीन महिन्यांत ओसरते. हॉलंडमध्ये 1999 साली 183 रुग्णांवर एक अभ्यास छापून आला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात झोपवलं, निम्म्यांना सांगितलं की जमेल तसं हिंडाफिरा. बारा आठवड्यांनी दोन्हीकडं शंभरातले सत्त्याऐंशी बरे. झोपून राहिलेल्यांना जास्तीचं काहीच मिळालं नाही. त्यामुळं ‘डॉक्टर, महिनाभर बेडरेस्ट लिहून द्या’ असं कुणी म्हणलं की मी म्हणतो, एक-दोन दिवस अंग टेका, मग उठा. आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग देवळापर्यंत.

तुम्ही विचाराल, मग वारीत चालायचं का नाही? कळ नवी असेल, पाय टेकवत नसेल, तर त्या वर्षी दिंडीच्या ट्रकात बसा. त्यात कमीपणा नाही. आणि ट्रकात फळीवर पाय लोंबकळत चार तास बसू नका. बसण्यानं या नसेला चालण्यापेक्षा जास्त त्रास होतो. मुक्काम निम्मा झाला की उतरा, थोडं चाला. रात्री पाठीवर झोपायचं तर घोंगडीची वळकटी गुडघ्याखाली घ्या, कुशीवर झोपायचं तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. सकाळी सरळ ताडकन उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, हाताच्या रेट्यानं उठायचं.

पालथं झोपून कोपरावर छाती उचलली आणि पायातली कळ वर कमरेकडं सरकली, तर तो व्यायाम तुमचा. दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं करा. कळ खाली बोटाकडं उतरायला लागली तर लगेच सोडून द्या. साठीच्या पुढच्या काही जणांचं उलट असतं. दोन फर्लांग चाललं की दोन्ही पाय भरून येतात, आणि पुढं वाकलं किंवा बसलं की मोकळे होतात. असे आबा सामानाच्या गाड्याला धरून, वाकून, कोसभर बिनबोभाट चालतात. त्यांची मणक्यातली वाटच अरुंद झालेली असते. त्यांनी छाती उचलायच्या व्यायामाच्या नादी लागू नये.

पेरणीच्या दिवसांतच वारी येते, हे आपलं दुखणं. आठ दिवस खताची पोती उचलायची. युरियाची गोणी पंचेचाळीस किलो, डीएपीची पन्नास. ती लांबून वाकून उचलायची, कंबरेत पिळा देऊन पाठीवर टाकायची, आणि नवव्या दिवशी पताका खांद्यावर. गोणी दोघांनी उचला. एकटे असाल तर गुडघ्यात वाका, ओझं पोटाशी घ्या आणि वळायचं तर पाय फिरवून वळा. पखवाजवाल्यांनी पट्टा एकाच खांद्यावर दिवसभर ठेवू नये. तुळस डोक्यावर घेणाऱ्या मावश्यांनी आपसात पाळी लावावी. वीणा आपण हातोहात देतोच की, तसंच हे.

आता काय करू नये. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणं मी लहानपणापासून बघतोय. उसण भरली असेल आणि ती आपोआप जाणारच असेल तर लाथेचं नाव होतं. पण फाटलेल्या गादीवर लाथ बसली तर? डागण्या नकोत. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या पुड्या नकोत. एका पुडीत कळ थांबते त्यांच्यात कित्येकदा स्टेरॉइड घातलेलं असतं. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली तर जेवूनच घ्या आणि थोडेच दिवस. उन्हात चालून अंगातलं पाणी आटलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडावर बसते. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. इंजेक्शन घ्यायचं असेल तर कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या चौथाईत. सुई जाताच पावलापर्यंत झटका गेला तर तिथंच ‘थांबा’ म्हणून ओरडा. चुकीच्या जागी दिलेल्या सुईनं ही नस कायमची अधू झालेले लोक मी पाहिले आहेत. आणि ज्या पावलाला बधिरता आहे त्याला गरम विटेचा शेक देऊ नका, डांबरी सडकेवर अनवाणीही चालू नका. भाजलेलं कळत नाही.

इथपर्यंतचं तुम्हाला कोणताही डॉक्टर सांगेल. माझ्या मनात जे आहे ते आता सांगतो. हे सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

काही वर्षांमागं वारीत मी औषधाची पेटी घेऊन बरोबर होतो. मुक्कामाला रांग लागलेली. कुणाचे फोड, कुणाचा ताप. एक बाई जावेच्या आधारानं आली. म्हणाली, कंबरेतनं दोन्ही पायात कळ जाती. दोन्ही पायात, हे तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, उद्या ट्रकात बसा म्हणालो. पुढचा माणूस बोलावला. मिनिटभरात मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ती ट्रकात होती. त्या दिवशी तिला लघवीची भावनाच झाली नाही. जावेला वाटलं, बरंच झालं, रस्त्यात आडोसा कुठं आहे! आपल्या बायका वारीत काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. सकाळपासून घोटभर पाणी पितात, अंधार पडेपर्यंत धरून ठेवतात. त्यामुळं तिची लघवी अडली आहे हे तिलाही कळलं नाही आणि सोबतच्यांनाही नाही. बसायची जागा बधिर झाली होती. ते तर ती कुणाला सांगणार? तिसऱ्या दिवशी पोट फुगलं तेव्हा माझ्याकडं आणली. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन होईपर्यंत फार उशीर झाला होता.

कळ गेली. पाय बऱ्यापैकी आले. लघवीवरचा ताबा मात्र पूर्ण आला नाही. आजही दिवसातून काही वेळा तिला स्वतः नळी घालावी लागते. मी भेटायला गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुम्ही इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं. आपण होऊन कसं सांगावं?”

तिच्या परवानगीनं हे सांगतोय. ती या मंडपात आहे का नाही, ते शोधू नका.

झालं होतं असं, की गादीचा मोठा तुकडा मणक्याच्या नळीत मधोमध पडला होता. तिथं नसांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पायाच्या नसा त्यातच आणि लघवी-शौचाच्या नसाही त्यातच. तो झुबका दबला तर दिवस मोजत बसायचे नसतात, तास मोजायचे असतात. असं क्वचित होतं. हजारोंना कळ येते, त्यातल्या एखाद्याचं असं होतं. पण ते ओळखायला एमआरआय लागत नाही, विचारावं लागतं. लघवी कळते का, धार नेहमीसारखी आहे का, अडते का, नकळत होते का? सायकलच्या सीटवर अंगाचा जो भाग टेकतो तिथं धुताना हात कळतो का? शौचावर ताबा आहे का? कळ दोन्ही पायांत आहे का, पाऊल लुळं पडलंय का, चप्पल आपोआप निसटते का? यातलं काही नव्यानं सुरू झालं असेल तर गोळी नको, इंजेक्शन नको, सकाळची वाट नको. 108 ला फोन लावा आणि जिथं मणक्याचं ऑपरेशन होतं अशा दवाखान्यात त्याच रात्री पोहोचा.

दुसरी एक खूण आहे, तिला इतकी घाई नाही पण विसरायची नाही. कंबर रात्री झोपेतही दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं. ही गादी नसू शकते, मणक्याचा क्षय असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं फुकट मिळतात. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची कंबर नव्यानं दुखू लागली तरी थांबू नये.

ऑपरेशनची भीती घेऊनच सगळे येतात म्हणून तेवढं सांगतो. पायाची ताकद जात नसेल आणि लघवी ठीक असेल तर वेळ घेता येतो. 2007 साली हॉलंडमधलाच 283 रुग्णांचा अभ्यास आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेरीला दोन्ही गट सारखेच बरे होते. कळ सोसवत नसेल तर करा, सोसवत असेल तर थांबा. हा निर्णय तुमचा, शेजाऱ्याचा नाही.

दिंडीच्या पंचमंडळींकडं माझं एक मागणं आहे. शंभराव्या वर्षी आपण नवी पताका शिवली, रथाला चांदीचं काम केलं, आनंद आहे. आता एक लहान गाडी फक्त बायकांच्या आडोशासाठी द्या. चार बाजूंनी कनात, पाण्याची टाकी, आणि ती दिंडीच्या पुढं तासभर. दर मुक्कामाला एका जाणत्या बाईनं बायकांच्या राहुटीत जाऊन, आत्ता सांगितलेले प्रश्न तोंडानं विचारायचे. मी पेटीच्या झाकणाला आतून ते लिहून चिकटवले आहेत. माझ्याच्यानं पुन्हा विसरायला नको.

प्रसादाला अजून अवकाश आहे. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी त्या भिंतीशी या. टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं चालून दाखवा, कुणाचा पाय मागं पडतो ते लगेच दिसतं. मायबहिणींसाठी मंदिरामागच्या खोलीत सिस्टर बसल्या आहेत. दार आतून लागतं.

राम कृष्ण हरी.