लाज आणि जप्ती

इराणमधील सक्केझ गावची महसा अमिनी ही बावीस वर्षांची युवती १३ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरान शहरात पोलिसांच्या हाती सापडली. डोक्यावरचे वस्त्र सरकारी नियमाबरहुकूम नव्हते, एवढाच तिचा अपराध. तीन दिवसांनी तिचा मृत्यू झाला आणि ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ अशी घोषणा देत सहस्रावधी स्त्रिया गावोगाव रस्त्यावर आल्या. त्याच देशात ८ जानेवारी १९३६ रोजी रझाशहा पहलवी याने नेमका उलट हुकूम काढला होता. तेव्हा शिपाई बायकांच्या अंगावरची चादर भर रस्त्यात ओढून काढीत, आणि कित्येक वृद्ध स्त्रियांनी त्या धास्तीने घराबाहेर पडणेच सोडले. पुढे मार्च १९७९ मध्ये खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांतील स्त्रियांना शिरोवस्त्राची आज्ञा करताच, दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या स्त्रिया निषेधार्थ बाहेर पडल्या. म्हणजे एकाच समाजातील आजीवर वस्त्र काढण्याची सक्ती झाली आणि नातीवर ते घालण्याची. दोन्ही वेळा दंडुका मात्र सरकारचाच होता.

हे वृत्त वाचताना सुरत जिल्ह्याची आठवण व्हावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण पडदा आणि सरकारी दडपशाही या दोहोंशी स्त्रियांना एकाच वेळी सामना द्यावा लागला, असा प्रसंग आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात शोधू गेल्यास बोट सुरतेवरच येऊन थांबते. मोगल अमदानीत हजच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच सुटत, आणि इराणातून आलेल्या पारशांची वस्तीही येथे जुनी. पडद्याचा परिचय या शहराला अनेक धर्मांच्या घरांतून होता. हिंदू घरातला पडदा ‘लाज’ या नावाने ओळखला जाई. सासरा, थोरला दीर किंवा गावातला कोणी वडीलधारा समोर आला, की सुनेने साडीचा पदर चेहऱ्यावरून खाली ओढायचा आणि त्याच्याशी तोंडाने बोलायचे नाही, याला गुजरातीत ‘लाज काढणे’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्दप्रयोग चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे लाज काढणे म्हणजे अब्रू घेणे, तिकडे ती राखणे!

या लाजेमागे कोणताही कायदा नव्हता. ती घरातल्या माणसांनी घातलेली आणि बव्हंशी घरातल्या वडील स्त्रियांनीच सांभाळलेली होती. शिवाय ती सर्वांना परवडणारीही नव्हती. शेतमालकाच्या घरातली सून पदराआड राही. पण त्याच शेतात राबणारी दुबळा जमातीतल्या हाळ्याची बायको उघड्या तोंडानेच चिखल तुडवीत असे, आणि तिच्या लाजेची चिंता कोणी केली नाही. जमीनदारी आणि पदर यांचे हे नाते ध्यानात घेतल्यावाचून पुढची हकीकत नीट कळावयाची नाही.

सुरतेत सुधारणेचे वारे उशिरा आले असे नव्हे. दुर्गाराम मेहताजींनी १८४४ साली येथे मानवधर्म सभा स्थापिली. सुरतेतच जन्मलेल्या कवी नर्मदाने १८६४ पासून ‘दांडियो’ पत्रातून रूढींवर आसूड ओढले. परंतु या उपदेशाचा आवाज शहराच्या तटबंदीबाहेर फारसा गेला नाही. खेड्यातली सून वर्तमानपत्र वाचीत नव्हती, आणि तिचा सासरा ते वाचीत असला तरी घरात ते बोलून दाखवीत नव्हता.

नंतर १९२८ साल उजाडले. बारडोली तालुक्याचा शेतसारा सरकारने सुमारे बावीस टक्क्यांनी वाढविला होता. १२ फेब्रुवारी रोजी शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा ठराव केला. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष असलेल्या वल्लभभाईंना गावोगावच्या सभांतून एक उणीव प्रारंभीच जाणवली : समोर सगळे पुरुषच होते. बायकांनाही सभेला आणा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यात सुधारकाचा उत्साह किती आणि सेनापतीचा हिशेब किती, हे सांगणे कठीण. हिशेबच अधिक असावा. कारण सारा थकला की जप्ती येणार, आणि जप्ती येते ती घराच्या उंबरठ्यावर. ती हंडे-कळश्यांवर येते, गोठ्यातल्या म्हशीवर येते. ही सारी मालमत्ता पुरुषाच्या नावावर असली तरी वावर तिच्यात बाईचा. पुरुष सभेत कितीही गर्जना करो, शिपायाने म्हशीचा दोर सोडला तेव्हा दारात कोण उभे आहे यावर लढा ठरणार होता.

येथेच लाजेची पंचाईत झाली. जप्ती अधिकारी हा परका पुरुष, त्याच्याबरोबरचा तलाठी गावचा ओळखीचा, आणि सरकारने मुंबईहून आणविलेले पठाण तर धिप्पाड आणि धसमुसळे. यांच्यासमोर पदर ओढून मुकाट्याने उभे राहणे म्हणजे म्हैस देऊन टाकणे होय. आणि तोंडाने ‘नाही’ म्हणायचे, तर पदर वर घ्यावाच लागणार.

ही भीती मोडण्यासाठी ज्या स्त्रिया गावोगाव हिंडल्या, त्यांत तिघींची नावे प्रामुख्याने घेतली जातात. मिठुबेन पेटिट या मुंबईच्या धनाढ्य पारशी घराण्यातल्या. अंगावर जाडीभरडी खादी. मणिबेन या वल्लभभाईंच्या कन्या, वय पंचविशीचे. तिसऱ्या भक्तिबा या दरबार गोपाळदास देसायांच्या पत्नी. असहकाराच्या काळात गोपाळदासांनी आपल्या संस्थानावर पाणी सोडले होते. संस्थानिकाच्या घरातून निघालेली ही बाई कुळंब्याच्या ओटीवर येऊन बसे, तेव्हा सासूलाही सुनेला आत पाठविण्याचे धैर्य होत नसावे. प्रथम बिचकणाऱ्या बायका पुढे इतक्या संख्येने सभांना येऊ लागल्या, की पुरुषांची संख्या मागे पडली. सरकारजमा झालेल्या जमिनीवर झोपड्या बांधून या नेत्या तेथेच राहू लागल्या, आणि जमीन कागदोपत्री गेली तरी तिच्यावर माणूस आहे हे सरकारला दिसत राहिले.

गावकऱ्यांनी दिवसभर घरांना कुलपे लावली. माणसे आणि जनावरे एकाच अंधारात कोंडलेली, चाहूल देण्यास नगारे, आणि दारे उघडायची ती रात्री. गुरांची प्रकृती त्यामुळे खालावली. बायकामुलांनी त्या कोंडलेल्या हवेत आणि शेणमुतात महिनोन् महिने कसे काढले असतील, याची कल्पना लढ्याच्या जयजयकारात सहसा कोणी करीत नाही. पदर वर गेला, पण त्याच उन्हाळ्यात दाराला आतून कडी लागली. ६ ऑगस्ट १९२८ रोजी तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांच्या चौकशीतून वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरली. वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी बारडोलीच्या स्त्रियांनीच प्रथम दिली, असे सांगतात.

त्याच वर्षी बिहारात पडद्यावर सरळ हल्ला चालू होता. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांची कन्या राधा त्या कामासाठी तिकडे गेली होती. तिला भेटण्यास गेलेल्या मगनलालांचे एप्रिलमध्ये पाटण्यास निधन झाले. तरीही काम थांबले नाही, आणि ८ जुलैला पडदाविरोधी दिन पाळला गेला. बिहारात पडदा हाच विषय होता. बारडोलीत तो विषयपत्रिकेवर नव्हताच.

बारडोलीचा हा अनुभव जमेस असताना १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले, ते ७८ पुरुष सोबत घेऊन. स्त्री एकही नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की हिंदू जसा गाईवर हात टाकीत नाही तसा इंग्रज स्त्रीवर टाकणार नाही. म्हणून स्त्रियांना पुढे करणे म्हणजे त्यांच्या आड लपणे. हेतू सभ्य होता, पण स्त्रियांना तो रुचला नाही. दादाभाईंची नात खुर्शेद नवरोजी हिने आक्षेपाचे पत्र लिहिले. मार्गारेट कझिन्स यांनीही टीका केली. पदराआड ठेवण्याचा हाही एक प्रकारच नव्हता काय? घरातला वडील लाजेचे कारण सांगे, आणि आंदोलनातला वडील दाक्षिण्याचे.

गांधीजींना बदलावे लागले, आणि तेही सुरत जिल्ह्याच्याच वाळूवर. त्या काळी दांडी या जिल्ह्यात मोडे. ९ एप्रिलला भीमराड येथे त्यांनी पुन्हा मीठ उचलले, तेव्हा मिठुबेन त्यांच्या मागे उभ्या होत्या. १३ एप्रिलला दांडीस स्त्रियांची परिषद भरली आणि दारूच्या व विलायती कापडाच्या दुकानांवर निरोधन करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. या कामात आमिना तय्यबजीही होत्या. त्या बद्रुद्दीन तय्यबजींच्या कन्या. मुलींना पडद्याबाहेर काढून शाळेत धाडणाऱ्या त्या मुसलमान न्यायमूर्तींच्या घरातील ही लेक पतीसह रणात उतरली. पती अब्बास तय्यबजी बडोद्याचे माजी न्यायाधीश. त्यांना १२ मे रोजी अटक झाली, आणि धारासण्याची धुरा सरोजिनी नायडूंनी उचलली.

दुकानासमोर उभे राहणे हे उंबरठ्यावर उभे राहण्यापेक्षा अवघड. तेथे घर पाठीशी नसते. समोर झिंगलेले गिऱ्हाईक आणि बाजूला हसणारे रिकामटेकडे. मिठुबेनना आणखी एक जड गोष्ट करावी लागली. या जिल्ह्यातला दारू-ताडीचा धंदा बराचसा पारशांच्या हाती होता. १९२२ साली पालघरच्या बाजूने आलेल्या एका ‘देवी’च्या आज्ञेने येथल्या आदिवासींनी दारू सोडून पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला होता, त्याची सल ताजी होती. अशा वेळी एका पारशी बाईने पारशाच्याच दुकानासमोर जाऊन उभे राहावे, याला लागणारे धैर्य पठाणासमोर लागणाऱ्या धैर्याहून कमी प्रतीचे मानता येणार नाही.

सरकारने ३० मे १९३० रोजी निरोधनाविरुद्ध वटहुकूम काढला. हेमंतात पुन्हा साराबंदी झाली, तेव्हा बारडोलीचे शेतकरी हिजरत करून बडोदे संस्थानच्या हद्दीत चटयांच्या झोपड्यांत राहिले. इंग्रज पत्रकार ब्रेल्सफर्ड यांनी त्या पाहिल्या. गाईची उपमाही टिकली नाही. २१ जानेवारी १९३१ रोजी खेडा जिल्ह्यात बोरसद येथे स्त्रियांच्या मिरवणुकीवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या.

लढा संपल्यावर लाजेचे काय झाले? शहरात आणि शिकलेल्या घरांत ती सैल होत गेली. खेड्यात मात्र जी सून शिपायाला तोंडावर ‘नाही’ म्हणाली, तीच सासऱ्यासमोर पुन्हा पदर ओढून बसली, असे पुष्कळ ठिकाणी घडले. कारण सासऱ्याशी तडजोड करण्यास कोणी चौकशी समिती नेमली नव्हती. हाळी पद्धतीलाही या लढ्याने हात घातला नाही, आणि उघड्या तोंडाची ती मजूर बाई होती तेथेच राहिली.

मिठुबेन मुंबईला परतल्या नाहीत. नवसारीजवळ मरोली येथे कस्तुरबा सेवाश्रम काढून आदिवासी, दुबळे आणि मनोरुग्ण यांच्या सेवेत त्या राहिल्या. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे काम त्याच परिसरात चालू होते.